निरुपद्रवी दिसणारा शब्द : 'इनॉक्युअस'

पेढीवर येणाऱ्या इंग्रजी कागदपत्रांत काही शब्द असे असतात, की त्यांच्यापाशी कोणी अडखळत नाही. संदर्भावरून अर्थ लागला असे समजून डोळा पुढे सरकतो. 'इनॉक्युअस' हा त्यांपैकीच एक. घरातील मुलगी किंवा मुलगा बँकेच्या अधिकारीपदाच्या अथवा व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असेल, तर त्याच्या शब्दसंग्रहाच्या वहीत हा शब्द हमखास सापडतो आणि त्याच्यासमोर 'हार्मलेस, निरुपद्रवी' एवढेच लिहिलेले असते. त्याच घरातील वडिलांच्या टेबलावर वकिलाचे पत्र असते आणि त्यातही तोच शब्द असतो. मुलाने तो पाठ केलेला असतो, वडिलांनी तो ओलांडलेला असतो. वास्तविक या शब्दाचा खरा उपयोग वडिलांनाच अधिक आहे.

प्रथम त्याचे रूप पाहू. उच्चार 'इनॉक्युअस', आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे 'नॉ'वर. लिहिताना त्यात 'एन' हे अक्षर दोनदा येते, कारण 'इन्' हा नकारदर्शक उपसर्ग आणि 'नॉक्युअस' म्हणजे अपायकारक हा मूळ शब्द, असे दोन तुकडे तेथे जोडलेले आहेत. लस टोचणे या अर्थाचा 'इनॉक्युलेट' हा शब्द कानाला याचा सख्खा भाऊ वाटतो. परंतु त्यात 'एन' एकच. त्याचे मूळ 'ऑक्युलस' म्हणजे डोळा, आणि त्यावरून झाडाचा डोळा, या लॅटिन शब्दात आहे. बागाईतदार डोळा भरून कलम करतात, त्या क्रियेचा तो शब्द पुढे वैद्यकात गेला. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. परीक्षेत मात्र या दोन शब्दांच्या स्पेलिंगची गल्लत नित्य होते.

'नॉक्युअस'च्या मागे लॅटिनमधील 'नोचेरे' अथवा 'नोकेरे' हे क्रियापद आहे. अर्थ, अपाय करणे. या एका क्रियापदाचा वंशविस्तार मोठा आहे. 'नॉक्शस' म्हणजे विषारी, घातक. 'ऑब्नॉक्शस' म्हणजे आज किळसवाणा किंवा असह्य. पण मुळात त्याचा अर्थ 'अपायाच्या तोंडी असलेला' असा होता. 'इनोसंट' म्हणजे मुळात अपाय न करणारा, म्हणून निरपराध. आणि फ्रेंच भाषेतून फिरून आलेला 'न्यूसन्स' हाही त्याच घरचा. नगरपालिकेच्या नोटिशीत हा शब्द व्यापाऱ्याने कधी ना कधी पाहिलेला असतो. कायद्याच्या मराठीत 'पब्लिक न्यूसन्स' यास 'सार्वजनिक उपद्रव' असे म्हणतात. म्हणजे इंग्रजीत 'न्यूसन्स' आणि 'इनॉक्युअस' हे जसे एकाच घरातले, तसेच मराठीत 'उपद्रव' आणि 'निरुपद्रवी'. दोन्ही भाषांनी परस्परांना न विचारता तीच जोडी जमवली, याची मौज वाटल्यावाचून राहात नाही.

आणखी मागे गेल्यास हे नाते आपल्या घरापर्यंत येऊन पोचते. भाषाशास्त्रज्ञ 'नोकेरे' या क्रियापदाचा संबंध ज्या प्राचीन धातूशी जोडतात, त्याच धातूपासून संस्कृतातील 'नश्' धातू आणि 'नाश' हा शब्द आला आहे. तेव्हा 'इनॉक्युअस'चे शब्दशः भाषांतर करावयाचे तर ते 'अ-नाशक' असे होईल. (येथे एक सावधगिरीची सूचना. 'नुकसान' हा शब्द ऐकायला या कुटुंबातला वाटतो. पण तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. ध्वनीच्या साम्यावर नाते ठरवणे म्हणजे आडनाव सारखे दिसले म्हणून उधारी देण्यासारखे आहे.)

आता अर्थाची बारीक वाटणी. इंग्रजीत 'हार्मलेस', 'इनोसंट', 'बिनाइन', 'इनऑफेन्सिव्ह', 'इनॉक्युअस' हे सगळे शब्द एकाच गल्लीत राहतात, पण त्यांचे धंदे निराळे आहेत. 'हार्मलेस' हा रोजच्या बोलण्यातला. शेजारचा कुत्रा 'हार्मलेस' असतो. 'इनोसंट' हा माणसाच्या मनाशी व दोषाशी संबंधित. न्यायालय आरोपीला 'इनोसंट' ठरवते, 'इनॉक्युअस' ठरवत नाही. 'बिनाइन' वैद्यकात गाठीला लावतात, कर्करोगाची नसलेली गाठ या अर्थी. एरवी त्यात प्रेमळपणाची छटा असते. 'इनऑफेन्सिव्ह' म्हणजे कोणाला न दुखावणारा. 'इनॉक्युअस' हा या सर्वांत औपचारिक आणि तो बहुधा वस्तूंना, शब्दांना, प्रश्नांना, कागदांना लागतो. एखादे विधान, एखादी गोळी, एखादे कलम 'इनॉक्युअस' असते. तो इरादा सांगत नाही, परिणाम सांगतो.

म्हणूनच मराठी प्रतिशब्द संदर्भ पाहून निवडावा लागतो. औषधाबद्दल 'अपायरहित' शोभते, सापाबद्दल 'बिनविषारी', बोलण्याबद्दल 'साधेसुधे', आदेशाबद्दल वा कलमाबद्दल 'निरुपद्रवी'. यांतील 'निरुपद्रवी' विशेष अर्थपूर्ण आहे. आयुर्वेदात 'उपद्रव' म्हणजे मूळ व्याधीच्या पाठोपाठ उद्भवणारी दुसरी व्याधी. जे आज शांत आहे त्यातून उद्या काही उपटणार नाही ना, हा प्रश्न त्या शब्दात दडलेला आहे. इंग्रजी शब्दाच्या कोशातील अर्थात तो दिसत नाही; परंतु त्याच्या वापरात तो पुरेपूर आहे.

कसा, ते पाहण्याजोगे आहे. इंग्रजी वृत्तपत्रांत व निकालपत्रांत हा शब्द एकटा क्वचित येतो. त्याच्या आधी बहुधा 'सीमिंगली' अथवा 'अपॅरंटली' म्हणजे 'वरवर पाहता' हा शब्द असतो. वरवर निरुपद्रवी दिसणारा प्रश्न, वरवर निरुपद्रवी दिसणारी जखम. वाचकाने एवढे वाचले, की पुढे काय येणार हे तो ओळखतो. अपाय नाही असे सांगण्यासाठी जन्मलेला शब्द अपायाची वर्दी देण्यासाठी वापरला जातो, ही या शब्दाची सवय. ती ध्यानात न घेता नुसते 'हार्मलेस' पाठ करणारा विद्यार्थी उताऱ्यावरील प्रश्नात हमखास फसतो.

या सवयीला आपल्याकडील शेतकऱ्यांचा अनुभव उत्तम दाखला आहे. ब्रिटिश काळातील सर्पशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथांत बिनविषारी सापांना 'इनॉक्युअस' म्हणत. धामण त्यात येते, कवड्याही येतो. कवड्या हा बिचारा मण्यारीसारखा दिसतो म्हणून मारला जातो. उलट मण्यार ही अत्यंत विषारी. पण तिचा दंश पुष्कळदा इतका सौम्य असतो, की रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मुंगी चावल्यासारखे वाटते. सूज नाही, फारशी वेदना नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. नागाच्या दंशावर माणूस तत्काळ दवाखान्यात धावतो. मण्यारीच्या दंशावर कूस बदलून पुन्हा झोपतो. 'सीमिंगली इनॉक्युअस' म्हणजे काय, ते याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

अमेरिकेच्या राजकीय इतिहासात या शब्दाला एकदा मोठी प्रसिद्धी मिळाली. 1867 साली तेथील काँग्रेसने एक कायदा करून, सिनेटच्या संमतीवाचून अधिकाऱ्यांना काढून टाकण्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारावर बंधन घातले. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना पदावरून दूर केले, तेव्हा याच कायद्याच्या आधारे त्यांच्यावर 1868 मध्ये महाभियोग चालला आणि ते एका मताने वाचले. पुढे तो कायदा कपाटात पडून राहिला. ग्रोव्हर क्लीव्हलँड अध्यक्ष झाल्यावर विरोधी पक्षाच्या ताब्यातील सिनेटने अधिकाऱ्यांच्या निलंबनाची कागदपत्रे मागितली, तेव्हा 1 मार्च 1886 रोजी पाठविलेल्या संदेशात क्लीव्हलँड यांनी अशा विस्मृत कायद्यांच्या अवस्थेला 'इनॉक्युअस डेस्युएट्यूड' असा शब्दप्रयोग केला. अर्थ, निरुपद्रवी विस्मरण. वृत्तपत्रांनी या जडजंबाल इंग्रजीची यथेच्छ थट्टा केली. थट्टेत एक गोष्ट झाकली गेली. ज्या कायद्याने एका अध्यक्षाला जवळजवळ घालवले होते, तो वीस वर्षे धूळ खात पडला म्हणून निरुपद्रवी झाला नव्हता. कोणी तरी तो पुन्हा बाहेर काढलाच. 1887 मध्ये तो रद्द झाला, तेव्हा कुठे विषय मिटला. दप्तरात पडून असलेला जुना कागद आणि रद्द झालेला कागद, यांत फरक असतो. हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको, आणि तरीही सांगावे लागते.

वैद्यकाच्या क्षेत्रात हा विषय अधिक गंभीर होतो. 'प्रथम, अपाय करू नये' या आशयाचे जे लॅटिन सूत्र वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवितात, त्यातील क्रियापद हेच, 'नोकेरे'. आणि त्या सूत्राचा सर्वांत भयंकर भंग अशा औषधाने झाला, ज्याची जाहिरातच निरुपद्रवी म्हणून केली होती. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत 1957 च्या ऑक्टोबरात 'कॉन्टरगान' या नावाने विक्रीस आले. प्रयोगशाळेतील प्राण्यांना कितीही मोठी मात्रा दिली तरी ते मरत नाहीत, या आधारावर ते पूर्ण सुरक्षित असल्याचे सांगितले गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते मिळे. गर्भवती स्त्रिया सकाळच्या मळमळीवर ते घेऊ लागल्या. हात-पाय अपूर्ण असलेली बालके जन्मू लागली, तेव्हा कारण सापडण्यास वेळ लागला; कारण निरुपद्रवी म्हणून नोंदलेल्या गोष्टीवर संशय घेण्याची बुद्धी शेवटी होते. 1961 च्या नोव्हेंबरात हॅम्बुर्गचे डॉ. लेन्झ यांनी इशारा दिल्यावर औषध मागे घेण्यात आले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बालकांना इजा झाली होती, असा अंदाज सांगितला जातो.

अमेरिकेत मात्र त्याला विक्रीची परवानगी मिळाली नाही. तेथील औषध प्रशासनात 1960 साली रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्यापुढे हा अर्ज आला. सोपे प्रकरण म्हणून तो नव्या अधिकाऱ्याकडे दिला होता. कंपनीचा तगादा चालू होता. केल्सीबाईंनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून अर्ज पुनःपुन्हा परत केला. दरम्यान, औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, असे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील पत्र त्यांच्या वाचनात आले. मज्जातंतूंना जे बाधते ते गर्भाला बाधणार नाही हे दाखवा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर आले नाही. 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांचा गौरव केला. बँकेच्या टेबलावर कर्जाचे प्रकरण तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही 'अडवणूक करतो' हे शब्द ऐकावे लागतात. केल्सीबाईंना ते वर्षभर ऐकावे लागले.

आता भारतातील न्यायालयांकडे वळू, कारण येथे या शब्दाला जवळजवळ पारिभाषिक दर्जा मिळाला आहे. संविधानाच्या अनुच्छेद 311 प्रमाणे सरकारी नोकराला चौकशी केल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. परंतु परिवीक्षाधीन, म्हणजे प्रोबेशनवरील, कर्मचाऱ्याला 'योग्य आढळला नाही' एवढ्या साध्या कारणावरून कमी करता येते. साहजिकच काही ठिकाणी पळवाट निघाली. मनात शिक्षा, कागदावर मात्र एका ओळीचा सौम्य आदेश. अशा आदेशाला निकालपत्रांत 'इनॉक्युअस' आदेश म्हणतात. 1974 मधील शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आदेशाचे बाह्य रूप निर्णायक नसून त्यामागील सत्य पाहिले जाईल, अशी भूमिका घेतली.

त्यानंतर 1984 मधील अनूप जयस्वाल विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण वाचनीय आहे. भारतीय पोलीस सेवेतील एक प्रशिक्षणार्थी हैदराबादच्या अकादमीत होते. पावसाच्या एका सकाळी प्रशिक्षणार्थी कवायतीला काही मिनिटे उशिरा पोचले. उशीर अनेकांना झाला; परंतु चिथावणीचा संशय यांच्यावर घेतला गेला आणि पुढे त्यांच्या हाती सेवामुक्तीचा आदेश पडला. त्यात उशिराचा उल्लेख नाही, आरोप नाही, कलंक नाही. वाचणाऱ्याला वाटावे, काही विशेष घडलेच नाही. न्यायालयाने पडदा बाजूला सारला, हा आदेश म्हणजे चौकशीवाचून दिलेली शिक्षा आहे असे ठरविले आणि त्यांना सेवेत परत घेण्यास सांगितले. ज्या कागदात एकही कठोर शब्द नाही, तो कागद कोणाचे आयुष्य बदलू शकतो, हे यावरून कळते.

जैन वाचकाच्या मनात येथवर एक प्रश्न आला असेल. 'इनॉक्युअस'ला 'अहिंसक' म्हणता येईल काय? उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्राणहानीबरोबर प्रमाद हा निकष धरला आहे. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा भेद त्यातूनच स्पष्ट होतो. अहिंसा हे सचेतनाचे जाणीवपूर्वक आचरण आहे. दगड निरुपद्रवी असू शकतो, अहिंसक असू शकत नाही. उलट एखाद्या वाक्याचा परिणाम शून्य झाला, म्हणजे ते 'इनॉक्युअस' ठरले, तरी ते बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असेल तर आपले शास्त्र त्याला सोडत नाही. इंग्रजी शब्द केवळ फळ पाहतो. आपला शब्द बीही पाहतो. सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' सांगितली आहे. मुद्दाम साधासुधा भासावा असा मजकूर रचून समोरच्याची सही घेणे त्यात बसते की नाही, यावर अभ्यासकांनी अवश्य लिहावे. पेढीवर बसणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊक असते.

आणि सहीचा विषय निघालाच आहे, तर ज्या कागदापायी समाजातील कितीतरी घरांची शांतता गेली, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. तो म्हणजे जामीनपत्र. भाच्याने नवे दुकान काढले, बँक कर्ज देते आहे, 'मामा, फक्त एक सही'. छापील मसुदा, बारीक टाइप, कार्यालयात गर्दी. त्यातील 'कंटिन्युइंग गॅरंटी' हे दोन शब्द दिसायला अत्यंत इनॉक्युअस. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 129 प्रमाणे त्यांचा अर्थ असा, की हा जामीन एका व्यवहारापुरता नसून व्यवहारांच्या मालिकेला लागू आहे. भाच्याने पहिले कर्ज फेडले, खाते चालू राहिले, पुढे पुन्हा उचल झाली, तरी मामा बांधलेला. कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असा हक्क जामीनदाराला आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

याहून सौम्य दिसणारे आणखी एक वाक्य या मसुद्यांत असते. जामीनदार कायद्याने मिळणारे काही हक्क सोडून देत आहे, एवढेच ते सांगते आणि 133, 134, 135, 139, 141 असे आकडे देते. आकड्यांना कोणी घाबरत नाही. परंतु कलम 133 हे जामीनदाराचे कवच आहे. त्याच्या संमतीवाचून ऋणको व धनको यांनी कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो. ते कवच त्या एका ओळीत काढून ठेवलेले असते. बँकेचे यात काही गैर आहे असे नाही. ठेवीदारांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेने आपली बाजू बळकट करणे हे तिचे कर्तव्यच आहे. सही करणाऱ्याने मात्र त्या पाच आकड्यांचा अर्थ काउंटरवरच विचारावा, आणि न भरलेल्या मसुद्यावर सही मुळीच करू नये. कर्जाची रक्कम, जामिनाची कमाल मर्यादा, तारीख या जागा भरल्यावरच पेन उघडावे आणि एक प्रत मागून घ्यावी.

ज्यांनी अशी सही पूर्वीच केली आहे, त्यांच्यासाठी कलम 130 आहे. चालू स्वरूपाचा जामीन भावी व्यवहारांपुरता केव्हाही धनकोला सूचना देऊन मागे घेता येतो. झालेल्या उचलीची जबाबदारी राहते, पुढची थांबते. काही मसुद्यांत या सूचनेसाठी ठराविक मुदतीची अट असते, ती आधी पाहावी. सूचना लेखी द्यावी, शाखेचा शिक्का व तारीख असलेली पोच घ्यावी आणि ती पोच जामीनपत्राच्या प्रतीला टाचून ठेवावी.